चौदा बायका, बारा शब्द

७

मी फाटकाची कडी काढली तेव्हा अंगणात चौदा बायका माझं सगळ्यात मोठं गुपित टाळ्या वाजवत म्हणत होत्या.

मधोमध पाट. पाटावर खडूनं काढलेला हत्ती. भोवती फेर. आणि फेरात सगळ्यांत वरच्या पट्टीत माझी आई.

एलिफंट आला दारी, त्याला मँगो घाला गं,
मँगोवरती अम्ब्रेला, ऊन लागलं त्याला गं

माझ्या हातातली बॅग पायावर पडली.

"आली बघा पुण्याची पाव्हणी!" शैलाकाकू फेर न सोडता ओरडल्या. शेजारच्या आवटींच्या शैलाकाकू. त्यांना कुजबुजायचं असलं तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. "ये गं केतकी, शिर फेरात. तुझ्या आईनं झकास गाणं रचलंय. सोळा दिवस झाले, हेच म्हणतोय आम्ही."

"सोळा दिवस?"

"पहिल्या दिवसापासनं."

"आई," मी म्हटलं, "जरा आत ये."

"फेर मोडायचा नसतो."

"आई, आत्ता."

"तीनच कडवी राहिलीत."

"तीच नको आहेत!"

बायका हसल्या. फेर चालू राहिला. अंकल बाजारात गेला, जिंजर घेऊन आला. सांगलीच्या भर उजेडात, रस्त्याला लागून असलेल्या अंगणात, पावणेसहा वाजता.


१

आता मागे जाते.

मी देवनागरी फॉन्ट काढते. म्हणजे तुम्ही पडद्यावर जो 'क्ष' बघता, त्याची शेपटी किती वळवायची हे कुणीतरी ठरवतं, त्यांतली मी एक. तेव्हा पुण्यात नोकरी होती आणि शनिवार-रविवार मी एस्टोनियातल्या एका छोट्या कंपनीचं काम करायची. ते लोक बिटकॉइनमध्ये पैसे द्यायचे. चार वर्षांत मी त्यातलं एकही नाणं मोडलं नाही.

त्या ऑक्टोबरात मी नोकरीचा राजीनामा दिला होता. एकतीस तारीख शेवटची. पुढची दोन वर्षं त्या नाण्यांवर काढायची, स्वतःची दोन टेबलांची खोली, फक्त अक्षरं. ठरलं होतं. ती नाणी गेली असती तर एक नोव्हेंबरला माझ्याकडे नोकरीही नसती आणि खोलीही.


२

हे पैसे बँकेत नसतात. ते बारा इंग्रजी शब्दांत असतात. पाकीट उघडताना यंत्र तुम्हाला बारा साधे शब्द देतं, ठरलेल्या क्रमानं. ज्याला ते शब्द त्या क्रमानं माहीत, पैसे त्याचे. चोरीला गेले तर शाखा नाही, मॅनेजर नाही, अर्ज नाही, साहेब जेवायला गेलेत असं सांगणारा शिपाईसुद्धा नाही.

मी ते शब्द स्टीलच्या पट्टीवर कोरून घेतले आणि पट्टी पुण्यात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. पाठ केले नाहीत. मला स्वतःवर भरवसा नव्हता. पण मी ट्रकखाली आले तर? कुणा एका माणसाला तरी माहीत हवेत.

माणूस एकच होता.


३

मे महिन्यात आई शेंगा फोडत बसली होती.

"कुठंही लिहायचं नाही," मी सांगितलं.

"नाही लिहीत."

"फोटो काढायचा नाही."

"मला काढता येतोय कुठं? काढला की माझंच नाक येतंय."

"आणि कुणाला सांगायचं नाही. बाबांनासुद्धा."

आई थांबली. शेंग हातातच राहिली. "तुझ्या बाबांनासुद्धा नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, ती घाबरली. मी तिला दिवसभर बसवून शब्द म्हणून घेतले. मँगो, अम्ब्रेला, अंकल. चौथ्याला अडायची. संध्याकाळपर्यंत अडत होती.


४

हा भाग मी काढून टाकला आहे. त्यात मी आता वापरते त्या नव्या पाकिटाबद्दल दोन ओळी होत्या.


५

जूनमध्ये फोन.

"आई, आठवतात का?"

"आठवतात."

"सगळे?"

"झोपेतसुद्धा."

"कसं काय जमलं?"

"ते मी बघते ना. तू जेवलीस का?"


६

एक चूक माझी. पाकिटाचं यंत्र, पेनड्राइव्हएवढं, मी ऑनलाइन मागवलं होतं. पुण्यात दिवसा कुरिअर घ्यायला कुणी नसायचं, म्हणून सांगलीचा पत्ता टाकला आणि फोन नंबर आईचा. ऑगस्टमध्ये त्या दुकानदाराचा मेल आला: आमच्या ग्राहकांची यादी चोरीला गेली आहे, नावं, पत्ते, नंबर, आम्ही दिलगीर आहोत. मी तो ऑफिसच्या लिफ्टमध्ये वाचला. चौथ्या मजल्यापर्यंत काळजी वाटली. पाचव्याला उतरले.


८

कडवी संपली तशी मी आईला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"मी काय सांगितलं होतं तुला? लिहायचं नाही—"

"लिहिलं नाही."

"फोटो—"

"काढला नाही."

"कुणाला सांगायचं नाही!"

"सांगितलं कुणाला? हादग्याचं गाणं आहे म्हणून म्हणतात बायका. त्यांना काय माहीत त्यात काय आहे? अक्काताईंना वाटतंय मी इंग्लिश शिकतेय." आई पदरानं घाम पुसत होती. "हे बघ केतके, मला नुसते शब्द राहत नाहीत. शाळेत पाढेसुद्धा मी चालीवर म्हणायची. बारा महिने, नऊ ग्रह, तुझ्या आत्यांची नावं, सगळं मला चालीवरच येतंय. मी एकटी म्हणत होते न्हाणीघरात. शैलानं भिंतीपलीकडनं ऐकलं. आणि मग हादगा आला."

मला हसू येत होतं. ते मी दाबलं. खरं तर धोका फार नव्हता. बाकीच्या तेराजणींना आपण काय म्हणतोय ते माहीत नव्हतं. सोमवारी पुण्याला गेल्यावर सगळं नव्या पाकिटात हलवलं की झालं. मी पाणी प्यायले.

"आणि त्या माणसालाही मी सगळं नाही म्हणून दाखवलं," आई म्हणाली.

पाणी नाकात गेलं.

"कुठल्या माणसाला?"

"तुझ्या पाकिटाच्या कंपनीतला. निनाद म्हणून. दुपारी फोन आला होता. मॅडम, तुमच्या पाकिटाची तपासणी आहे, बारा शब्द सांगा, नाहीतर आज रात्री बंद पडेल. पाकिटाचं नाव बरोबर, आपला पत्ता बरोबर. मी म्हटलं, मला नुसते येत नाहीत, गाण्यातून येतात. तर म्हणाला, म्हणा."

"मग तू म्हटलंस?"

"तीन कडवी."

तीन कडवी म्हणजे नऊ शब्द.

"आणि चौथं का नाही?"

"मला तो आवडला नाही," आई म्हणाली. "मी म्हणत होते आणि तो मधेच म्हणतोय, नेक्स्ट. पिजन बसला बांबूवरती, तर नेक्स्ट. गाणं ऐकणारा माणूस असं करतो का? तो उतरवून घेत होता. मी म्हटलं, आता दूध उतू जातंय, उरलेलं सहा वाजता. हादगा झाल्यावर फोन करा."

भिंतीवरच्या घड्याळात सहाला सात मिनिटं कमी होती.


९

मी आईला दोन वाक्यांत सांगितलं. तो कंपनीचा माणूस नाही. नऊ शब्द माहीत असले तर उरलेले तीन चांगला संगणक रात्रभरात शोधून काढतो.

"मग त्यानं अजून का नाही शोधले?"

"कारण तू सहा वाजता फुकटात सांगणार आहेस."

आईनं ओट्याला टेकून विचार केला. रडली नाही, सॉरी म्हणाली नाही. "म्हणजे तो वाट बघतोय तोवर तो काही करत नाही."

"बहुतेक."

"तुला किती वेळ पाहिजे?"

मी मोजलं. फोनवर जुनं पाकीट उघडायचं, नवं तयार करायचं, नाणी पाठवायची, आणि मग जगातल्या कुठल्यातरी संगणकांनी ते नोंदवून घेईपर्यंत थांबायचं. "अर्धा तास. जास्तही."

"आणि तुला शब्द कोण सांगणार? तुझं यंत्र आणि पट्टी तर पुण्यात."

"तू."

"मी तर त्याच्याशी बोलत असणार." आईनं दारातनं हाक मारली. "अक्काताई! जरा आत या. शैला, तुम्ही सगळ्या तिथंच बसा, खिरापती उघडू नका. पाव्हणे येणार आहेत."

"कोण पाव्हणे?"

"फोनवर."


१०

शेवटच्या दिवशी प्रत्येकीची खिरापत असते. चौदा बायका, चौदा झाकलेले डबे. डबा हलवायचा, आवाज ऐकवायचा, गोड की तिखट ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण निघत नाही. हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. फोनवर कुणी खेळलेलं मी ऐकलं नव्हतं.

सहाला फोन वाजला. आईनं स्पीकर लावला आणि तो पाटावर हत्तीच्या सोंडेपाशी ठेवला.

"मॅडम, निनाद बोलतोय, टेक्निकल डिपार्टमेंट. फक्त चौथं कडवं राहिलंय आपलं."

"राहिलंय हो," आई म्हणाली. "पण आमच्यात कसं आहे, खिरापत ओळखल्याशिवाय पुढचं गाणं म्हणत नाहीत."

असा काही नियम नाही. बारा बायकांनी माना डोलावल्या.

"मॅडम, माझ्याकडे वेळ—"

"चौदाच डबे आहेत. शैला, हलव."

शैलाकाकूंनी डबा फोनच्या अगदी जवळ नेऊन असा खडखडवला की पलीकडे तो बहुधा खुर्चीतनं उठला असेल.

"तिखट!" शैलाकाकू गरजल्या.

"...चिवडा?"

"चूक!"

"मॅडम, प्लीज."

"सांगलीत आहात असं समजा आणि सांगा."

मग, नाइलाजानं: "भडंग?"

अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी स्वयंपाकघराच्या दारातनं बघत होते. त्या टाळ्यांनी त्याचा आवाज बदलला, हे मला तिथंही कळलं. "बरोबर आलं का?" त्यानं विचारलं.

इकडे ओट्यापाशी अक्काताई स्टुलावर. फेरात सगळ्यांत थोरल्या, वय एकाहत्तर, नऊवारी, चष्मा कपाळावर. माझ्या हातात फोन.

"अक्काताई, गाण्यातले इंग्लिश शब्द एकेक सांगा. हळू."

"मला मधनंच काढून सांगायला येत न्हाई बाई. सुरवातीपासनं म्हणावं लागतंय."

"म्हणा."

"टाळी बी लागती."

"वाजवा. पण हळू."

अक्काताई दोन बोटांनी तळहातावर टाळी देत पुटपुटू लागल्या. एलिफंट. मँगो. अम्ब्रेला. मी टाइप करत गेले. अंकल. जिंजर. लॅम्प. बाहेर दुसरा डबा वाजला, तिसरा वाजला. "गोड? गोड आणि आवाज नाही?" तो माणूस म्हणत होता, "शिरा. नाही? थांबा, सांगू नका—" पिजन. बांबू. वेल्व्हेट. चौथ्या कडव्याला अक्काताईंनी डोळे मिटले.

डाँकीच्या त्या वेडिंगला सारं गाव जेवलं गं,
शुगर कमी पडली म्हणून वऱ्हाड सारं रुसलं गं

बारा झाले. मी बटण दाबलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली: शब्दांचा क्रम बरोबर नाही.


११

पुन्हा टाइप केलं. पुन्हा लाल.

"अक्काताई, नक्की असंच आहे?"

"सोळा दिस म्हणतोय. मी चुकंन, पर तेराजणी कशा चुकतील?"

खरं होतं. बायका चुकत नव्हत्या. म्हणजे गाणंच वेगळं होतं, आणि ते का, हे एकाच बाईला माहीत होतं, आणि ती बाई अंगणात चोराला विचारत होती, "गोड की तिखट ते आधी विचारायचं असतं हो, तुम्ही एकदम नावावर कसे येता?"

मी बाहेर गेले. फोन स्पीकरवर. तोंडातनं शब्द काढायची सोय नाही. पाटाशेजारी खडू पडला होता. मी फरशीवर लिहिलं: क्रम चुकतोय.

आईनं वाचलं. तिच्या हातात तेव्हा बिरनाळे वहिनींचा डबा होता. तो तिनं फोनपाशी वाजवला.

"कडबोळी," तो म्हणाला. आता त्याला विचारावंही लागत नव्हतं. "ही माझी. कडबोळीच आहेत."

"ओळखली की हो!" आई म्हणाली आणि दुसऱ्या हातानं खडू घेऊन हत्तीच्या पोटावर मोठा आकडा काढला. ७.

मी बघत राहिले. आईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दुसरीत असताना हातचा विसरल्यावर बघायची. मग तिनं हत्तीवर बोट ठेवलं, आणि ते बोट उचलून सहा पावलं मागे रांगेत नेल्यासारखं हवेत नेलं.

हत्ती सातवा होता.

मी धावत आत. मँगो पहिला, अम्ब्रेला, अंकल, जिंजर, लॅम्प, पिजन, आणि मग एलिफंट. बांबू. वेल्व्हेट. डाँकी, वेडिंग, शुगर.

पाकीट उघडलं. चार वर्षांचे शनिवार-रविवार तिथं होते. एकही गेला नव्हता.

नवं पाकीट तयार केलं. नवे बारा शब्द कशावर लिहू? ओट्यावर कागद म्हणून फक्त दिनदर्शिका. मी बॉलपेननं डाव्या हातावर, कोपरापर्यंत लिहिले.

"मी बघत न्हाई," अक्काताई म्हणाल्या. "चष्म्याबिगर दिसत बी न्हाई."

नाणी पाठवली. लवकर जावीत म्हणून जास्तीची फी भरली. पडद्यावर आलं: पुष्टी शून्य. आता शून्याचा एक होईपर्यंत नुसतं थांबायचं.

मी हातावर टॉवेल गुंडाळून अंगणात येऊन बसले. नववा डबा चालू होता. बायकांना एव्हाना कुणीतरी कानात सांगितलं असावं, कारण सगळ्यांचे डोळे चमकत होते आणि जी ती आपला डबा शक्य तितका उशिरा पुढे करत होती. शैलाकाकूंनी तर नियमच वाढवले. चूक झाली की ओळखणाऱ्यानं एक उखाणा घ्यायचा.

"माझं लग्न नाही झालेलं," तो म्हणाला.

"मग नाव नाही आलं तरी चालेल, यमक आलं पाहिजे!"

त्यानं घेतला. मोडका होता, डब्याचं यमक ढब्याशी जुळवलं होतं. चौदा बायका हसून लोळल्या. पलीकडे तोही हसत होता. दहाव्याला वाटली डाळ त्यानं पहिल्या झटक्यात ओळखली.

"हे कसं हो ओळखलंत?" बिरनाळे वहिनींनी विचारलं. "हिला तर आवाजच नसतो."

"आवाज नाही म्हणूनच. आमच्याकडे भुलाबाईला आई हमखास हेच करायची आणि आम्हाला वाटायचं डबा रिकामाच आहे. आमच्या अकोल्याला—"

तो थांबला.

"अकोल्याचा हायस व्हय!" अक्काताई दारातनं म्हणाल्या. "लांबचा की रं."

मला वाटलं ठेवतो आता. मी टॉवेलाखालनं पडद्याकडे बघितलं. शून्य. आईनंही बघितलं, आणि अकरावा डबा, तिचा स्वतःचा, फोनपाशी नेऊन अगदी हळू हलवला.

"हा कुणालाच येत नाही," ती म्हणाली. "वीस वर्षांत कुणी ओळखलेला नाही."

तो गेला नाही. "पुन्हा हलवा," तो म्हणाला.

तो सात वेळा चुकला. सात उखाणे झाले. आठव्यांदा तो विचार करत असताना शून्याचा एक झाला.

मी टॉवेल काढला आणि हात वर केला. निळ्या शाईतले बारा शब्द सगळ्यांना दिसले असतील. कुणीही वाचले नाहीत. बायकांनी असा गलका केला की झाडावरच्या साळुंक्या उडाल्या.

"काय झालं? ओळखलं कुणी?" तो विचारत होता.

"ऐक बाळा," आई म्हणाली. अहो-जाहो गेलं होतं. "माझ्या लेकीनं सगळं दुसऱ्या पाकिटात हलवलं. आता ते गाणं कुणाच्याच उपयोगाचं नाही. तुझा नंबर मी उद्या सायबर पोलिसांत देणार आहे, तेही सांगून ठेवते. चौथं कडवं तरी ऐकायचं का?"

पलीकडे पंखा फिरल्याचा आवाज येत होता.

"म्हणा," तो म्हणाला.

त्यांनी फेर धरला. चौघीजणी बसून राहिल्या होत्या, त्याही उठल्या. डाँकीच्या वेडिंगला सारं गाव जेवलं. वऱ्हाड रुसलं. तो एकदाही नेक्स्ट म्हणाला नाही. गाणं संपलं तेव्हा फोन कधीतरी बंद झालेला होता. कुठल्या ओळीला, ते कुणाला सांगता आलं नाही.

"हत्ती सातवा का नाही ठेवलास?" मी आईला विचारलं.

"हादग्यात पहिला मान हत्तीचा," ती म्हणाली. "त्याला मधे कसा उभा करू? बायका हसल्या असत्या मला."

निनादच्या वहीतला पहिलाच शब्द चुकीच्या जागी होता. आईनं हे त्याच्यासाठी केलं नव्हतं. बायकांसाठी केलं होतं.


१२

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सायबर पोलिसांत जाऊन नंबर देऊन आलो. तिथल्या हवालदार बाईंनी गाणं दोनदा म्हणायला लावलं, तक्रारीत लिहून घेण्यासाठी, असं त्या म्हणाल्या. तो नंबर पुढे बंद निघाला.

घरी आल्यावर आईनं चहा टाकला. बाबा बाहेर पेपर वाचत होते.

"राखणीचं काय मग?" ती म्हणाली.

"कसली राखण?"

"मेपासनं सांभाळलं की तुझं. तुझ्या पुण्याच्या लॉकरला भाडं आहे, मला काहीच नाही का?"

"सांभाळलंस? चौदा बायका आणि एक चोर—"

"गेलं का काही?"

"किती देऊ?"

"किती ते तुझं तू ठरव. एक दमडी दे. पण मला माझ्या नावाचं पाकीट पाहिजे. तुझ्यासारखं. बारा शब्दांचं."

मी तिच्या फोनवर पाकीट बसवलं. माझ्या पाकिटातल्या एका नाण्याचा टवका शेवटी त्यात टाकायचा होता. त्याआधी शब्द दाखवायची वेळ आली. पडद्यावर सूचना होती: आजूबाजूला कुणी नाही ना याची खात्री करा. मी तिला वाचून दाखवली आणि पेन्सिल घेऊन खुर्ची तिच्याजवळ ओढली.

आईनं तळहात पडद्यावर ठेवला.

"तू काय बघतीयास?"

"अगं, लिहून घ्यायला मदत करते. स्पेलिंग—"

"मला येतंय."

"आई, मला माहीत असायला पाहिजेत. उद्या तुला काही झालं तर?"

"तर गेले," ती म्हणाली. हळू आवाजात, बाहेर जाऊ नये म्हणून. "माझ्या एटीएमचा नंबर तुझ्या बाबांना पाठ. माझा फोन तुझ्या भावाच्या बोटावर उघडतो. कपाटाची चावी कुठं असते ते धुण्याच्या बाईलासुद्धा माहीत. मी डब्यात शंभर रुपये ठेवले तर संध्याकाळी सगळे विचारतात, कशाला ठेवलेस. पस्तीस वर्षांत या घरात माझं असं काय आहे, जे मी उघडलं तरच उघडतं?"

चहा उकळत होता. दोघींपैकी कुणीही उठलं नाही.

"तू मे महिन्यात सांगितलंस ना," ती म्हणाली, "बाबांनासुद्धा सांगायचं नाही म्हणून. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं होतं."

मला मेमधला तिचा चेहरा भीतीचा वाटला होता.

"तोंड फिरव," आई म्हणाली.

मी फिरवलं. भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे पेन्सिल कागदावर चालत होती, थांबत होती, चालत होती. एक शब्द तिला फार आवडला असावा; हसल्याचा आवाज आला. मी बारा थांबे मोजले आणि आणखी दोन मिनिटं उभी राहिले. कपाटाचं दार वाजलं नाही, डब्याचं झाकण वाजलं नाही, काहीच वाजलं नाही.

याला बरीच वर्षं झाली. माझ्या खोलीत आता दोनाची चार टेबलं आहेत. आईच्या पाकिटात काय आहे, वाढलं की आहे तेवढंच, मला माहीत नाही. बाबांना तर पाकीट आहे हेच माहीत नाही. त्या दिवशी मी एकदाच विचारायचा प्रयत्न केला.

"झालं. वळ," ती म्हणाली होती.

मी वळले. टेबल मोकळं होतं.

"कागद कुठाय?"

"कसला कागद?" आई म्हणाली, आणि तिनं माझा चहा बशीत ओतून दिला.